ड्युरँड कप: २०२३ चा हंगाम पाहावा की २०२४ चा?

भारतीय फुटबॉलची नुकती गोडी लागली असेल आणि ड्युरँड कपचा एखादा मागचा हंगाम शोधून पाहायचा असेल, तर माझ्या मते निवड २०२३ आणि २०२४ या दोनमध्येच करावी. दोन्ही वर्षी २४ संघ, सहा गट आणि अंतिम सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर. तरी दोन्हींचा रंग अगदी वेगळा आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १८८८ साली सिमल्यात सुरू झालेली, लष्कराने भरवलेली ही आशियातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा या दोन्ही वर्षी आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल लीगच्या तोंडावर झाली. काही क्लब पूर्ण ताकदीने उतरले, तर काहींनी राखीव खेळाडू पाठवले. त्यामुळे नुसत्या स्कोअरवरून काही ठरवू नका. मे २०२४ मध्ये आयएसएल कप जिंकणारी मुंबई सिटी त्याच ऑगस्टमध्ये केरळ ब्लास्टर्सकडून ०-८ हरली. नोआ सदाउई आणि क्वामे पेप्रा, दोघांचीही हॅटट्रिक! पण मुंबईचा तो संघ राखीव खेळाडूंचा होता. मुंबई सिटीसाठीच पाहणार असाल तर २०२३ घ्या. त्या वर्षी मुंबई उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली आणि मोहन बागानकडून १-३ हरली.

२०२३ म्हणजे कोलकाता डर्बीचं, म्हणजे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या लढतीचं वर्ष. गटात ईस्ट बंगालने नंदकुमार सेकरच्या गोलवर बागानला १-० हरवलं आणि साडेचार वर्षांचा डर्बीतला दुष्काळ संपवला. तेच दोघे ३ सप्टेंबरला अंतिम फेरीत पुन्हा भिडले. अनिरुद्ध थापाला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांच्या बागानसाठी दिमित्री पेत्रातोसने ७१ व्या मिनिटाला गोल केला आणि बागानने विक्रमी सतराव्यांदा कप उचलला. अंतिम सामना खेळ म्हणून फार देखणा नाही, पण ताण शेवटपर्यंत सुटत नाही.

२०२४ मध्ये डर्बी झालीच नाही. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ ऑगस्टचा सामना रद्द झाला आणि दोन्ही संघांना एकेक गुण मिळाला. त्याच संध्याकाळी स्टेडियमबाहेर दोन्ही क्लबांचे चाहते न्यायासाठी एकत्र उभे राहिले. या हंगामाविषयी बोलताना ही गोष्ट वगळून चालणारच नाही.

तरीही माझा कौल २०२४ ला. शिलाँगला पहिल्यांदाच यजमानपद मिळालं आणि शिलाँग लाजाँगने घरच्या मैदानावर ईस्ट बंगालला २-१ असं बाहेर काढलं. त्यांना उपांत्य फेरीत नॉर्थईस्ट युनायटेडने ३-० ने रोखलं. दुसऱ्या बाजूला बागानने पंजाबला आणि मग ०-२ ने मागे पडूनही बंगळुरूला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं.

अंतिम सामन्यात मध्यंतराला बागान २-० पुढे होता. मग नॉर्थईस्टकडून ५५ व्या मिनिटाला अलाएद्दीन अजराई, ५८ व्या मिनिटाला गिलेर्मो फर्नांडिस, आणि भरलेलं सॉल्ट लेक गप्प. शूटआउटमध्ये नॉर्थईस्टचा गोलरक्षक गुरमीत सिंगने बागानच्या लिस्टन कोलासोची आणि कर्णधार सुभाशिष बोसची पेनल्टी अडवली. नॉर्थईस्टचा हा पहिलाच मोठा करंडक.

या विजयाचं मोल कळायला मात्र २०२३ ची एक उपांत्य लढत पाहावीच लागते. त्याच मैदानावर नॉर्थईस्ट ईस्ट बंगालविरुद्ध २-० पुढे होता. भरपाई वेळेत नंदकुमारने बरोबरी साधली आणि पेनल्टीवर त्यांच्या तोंडचा घास गेला. म्हणून वेळ कमी असेल तर आधी ती लढत, मग थेट २०२४ चा अंतिम सामना. पूर्ण हंगाम पाहण्याची सवड असेल तर २०२४ ची सुरुवात शिलाँगच्या सामन्यांपासून करा.