लिनक्स मिंट ठेवायचं की काढायचं? प्रतिज्ञापत्राच्या तेरा कळा

आधी मशीन सांगतो. सहाव्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून बसवलेली 240 जीबीची एसएसडी. त्यावर लिनक्स मिंट 22 (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम), सिनॅमन डेस्कटॉप. काम कोर्टाच्या टायपिंगचं: अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतांचे मसुदे, त्यांची इंग्रजी भाषांतरं, वर प्रिंट आणि स्कॅन. लिहायचं निमित्त म्हणजे आमच्या ऑपरेटर ताईंनी दिलेला निर्वाणीचा इशारा: "एक तर हे मिंट काढा, नाहीतर मला विंडोजच्या टेबलावर बसवा." त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कुठलं अर्धं, ते खाली येईल.

विंडोज 11 का नाही, हे आता बहुतेकांना पाठ झालंय. इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे हे मशीन दारातच अडतं. रुफस या प्रोग्रामने पेन ड्राइव्ह बनवला तर ती तपासणी टाळता येते आणि सिस्टीम चालतेही, पण अशा मशीनला पुढची अपडेटं मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला सुरक्षा अपडेटं 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, म्हणजे कोर्टासारखी पुढची तारीख पडली एवढंच. दुकानात विचारलं तर एकच उत्तर: बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळंच बदला. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, आणि टायपिंगच्या पानामागे सुटणाऱ्या पैशात हा हिशेब बसत नाही. धडधाकट मशीन भंगारात घालायला हात धजावत नाही.

आता मुख्य दुखणं. बाकी सगळं मिंट एका पारड्यात आणि ही सहा बटणं दुसऱ्यात.

विंडोजच्या मराठी इन्स्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठी बटणांची प्रमाण मांडणी) शिफ्ट धरून 3 ते 8 हे आकडे दाबले की अनुक्रमे ्र, र्, ज्ञ, त्र, क्ष, श्र येतात. वर्षानुवर्षं टायपिंग केलेल्यांची बोटं तिथे न बघता जातात. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधून मराठी लेआउट जोडला की बाकीची अक्षरं जागच्या जागी सापडतात, ही सहा जोडाक्षरं मात्र गायब. कारण साधं आहे. तो लेआउट एक्सकेबी नावाच्या जुन्या यंत्रणेवर चालतो आणि तिथे एका बटणातून युनिकोडचं (संगणकावरच्या अक्षरांची जागतिक यादी) एकच अक्षर निघतं. आपल्याला ज्ञ हे एक अक्षर दिसतं, पण युनिकोडच्या दृष्टीने ते ज, हलंत (पाय मोडायचं चिन्ह) आणि ञ असे तीन तुकडे. एका बटणातून तीन तुकडे काढायची सोय त्यात नाही.

मग काय करायचं? हलंताच्या वाटेने जायचं. हलंत डी वर, र जे वर, त एल वर. त्र साठी एल, डी, जे. ज्ञ साठी पी, डी आणि शिफ्ट धरून उजवा चौकोनी कंस. क्ष साठी के, डी आणि शिफ्ट धरून स्वल्पविराम. कोर्टाच्या कामात हे कुठे बोचतं ते बघा: "प्रतिज्ञापत्र" या एका शब्दात सहापैकी तीन जोडाक्षरं आहेत. विंडोजवर तो शब्द आठ बटणांत होतो, इथे तेरा लागतात. "क्षेत्र" तिथे तीन बटणांत, इथे सात. जमिनीच्या मसुद्यात हा शब्द प्रत्येक गट नंबरामागे एकदा येतो. ताईंचा वेग पडला तो इथे, आणि चिडचिडही इथलीच. (दुसऱ्या, राहणाऱ्या, लिहून घेणाऱ्या यातला ऱ मात्र शिफ्ट-जे वर विंडोजसारखाच येतो. त्याबद्दल तक्रार नाही.)

उपाय आहे, पण तो कुणी हातात आणून देत नाही. सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर उघडून आयबस-एम17एन हे पॅकेज टाका (आयबस म्हणजे बटणांतून अक्षरं बनवणारा प्रोग्राम, एम17एन म्हणजे त्यातले भाषांचे लेआउट). मेनूतल्या इनपुट मेथडमध्ये फ्रेमवर्क म्हणून आयबस निवडा. मग लॉग आउट करून परत या. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, कारण कुठली इनपुट मेथड वापरायची हे प्रोग्रामांना लॉगिनच्या वेळीच सांगितलं जातं. परत आल्यावर आयबस प्रेफरन्सेस, इनपुट मेथड, ॲड, खालची तीन टिंबं, मराठी, आणि तिथून एम17एनचं इन्स्क्रिप्ट. एम17एनमध्ये एका बटणाला अक्षरांची आख्खी माळ जोडता येते, म्हणून सहाही बटणं पूर्ववत होतात.

यात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं, आधी जोडलेला एक्सकेबीचा मराठी लेआउट काढायचा राहतो. एम17एनला खालून इंग्रजी बटण यायला हवं असतं, त्याला आयतं मराठी अक्षर मिळालं की टायपिंग विचित्र होतं. कीबोर्ड सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी ठेवा. दुसरं, आयबसच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये सगळ्या प्रोग्रामांना एकच इनपुट मेथड ठेवण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करा. नाहीतर रायटरमध्ये (लिबरऑफिसचा वर्डसारखा प्रोग्राम) मराठी, ब्राउझरमध्ये इंग्रजी असं प्रत्येक खिडकीचं वेगळं चालतं आणि पासवर्डच्या जागी "कमल" उमटतं. भाषा बदलायला सुपर (विंडोजच्या चिन्हाचं बटण) आणि स्पेस, म्हणजे विंडोजवर सवय असलेलीच जोडी.

ही अदलाबदल इथे वाढलीय, म्हणून एवढा जोर देतोय. 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसायला लागलं आणि सहा जिल्ह्यांची प्रकरणं कोल्हापुरात आली. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत, खालचे कागद मराठीत. शेजारी मूळ मसुदा आणि भाषांतर उघडं ठेवून दिवसभर इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. भाषेचं बटण एकदा अडखळलं की ओळ परत लिहा.

सुरुवातीला माझं ठाम मत होतं की आयबसशिवाय मिंटवर मराठी टायपिंगला अर्थ नाही. आता तसं म्हणणार नाही. नव्याने शिकणाऱ्या मुलाला त्या सहा बटणांचा पत्ताच नव्हता. तो पहिल्यापासून डी दाबून जोडाक्षर करत गेला आणि त्याचं काही अडलं नाही. हलंताची वाट लांब असली तरी कुठल्याही मशीनवर तीच चालते, काही टाकावं लागत नाही, आणि पार्श्वभूमीला जास्तीचा प्रोग्रामही नको. आयबस कधीमधी रुसतो. मग ट्रेमधल्या चिन्हावर उजवी क्लिक करून रीस्टार्ट द्यावं लागतं. तेव्हा बोटं मुरलेली असतील तर आयबस, कोरी असतील तर साधा लेआउट. तरीही एक कुरकुर राहतेच: इन्स्टॉल करताना मराठी निवडणाऱ्याला हे पॅकेज आपोआप द्यायला काय हरकत होती?

आकड्यांचंही लक्षात ठेवा. साध्या मराठी लेआउटवर वरच्या ओळीतून देवनागरी आकडे येतात. गट नंबर इंग्रजी आकड्यांत हवे असतील तर उजवीकडचा नमपॅड वापरा, भाषा बदलायची गरज नाही.

दुसरी मोठी गोष्ट फाँटची. वकिलांकडून येणाऱ्या वर्डच्या फायलींत मंगल, निर्मला नाहीतर कोकिळा असतो. ते विंडोजचे फाँट, मिंटमध्ये नसतात. लिबरऑफिस त्या जागी दुसरा बसवतं, ओळीची उंची बदलते आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सरकतो. सत्यापनाचा परिच्छेद एकीकडे, सही दुसरीकडे. टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, फाँट्स इथे बदलीचा तक्ता आहे. त्यात मंगलसमोर तुमच्या पसंतीचा फाँट कायमचा लावून टाका. मुक्ता चांगला बसतो. नोटो सेरिफ दिसायला देखणा, पण उंच, पानं वाढतात. टिरो देवनागरी मराठी कोर्टाच्या कागदाला शोभतो. सगळे मोफत आहेत. पान न पान जुळायलाच हवं असेल तर सरळ पीडीएफ मागवा, भांडण नको.

त्याच ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी करून ठेवा. हिंदी राहिली तर नोटोसारख्या फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ज्याला कळत नाही त्याला फरक पडत नाही, पण एकदा दिसायला लागला की डोळ्यात खुपतो. आणि इन्स्टॉल करताना अमेरिकन इंग्रजी निवडलं असेल तर कोरं पान लेटर आकाराचं उघडतं. ए4 वर छापताना समास बिघडतात. प्रदेश भारत ठेवला की हा त्रास उद्भवत नाही.

जुन्या श्रीलिपी आणि शिवाजी फाँटमधल्या फायली म्हणजे वेगळंच प्रकरण. ती अक्षरं युनिकोड नाहीत, इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे आहेत. फाँटची फाइल डबल क्लिक करून टाकली की मजकूर वाचता येतो, छापताही येतो. दुरुस्ती करायची तर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार आणि ऱ एकेक करून तपासा, कन्व्हर्टर तिथेच चुकतात. आडनावांत तर हमखास.

प्रिंटर. ज्यांच्याकडे स्वस्तातला जुना यूएसबी लेझर आहे त्यांनी मिंट टाकण्याआधी थांबावं. असे बरेच प्रिंटर स्वतः काही समजत नाहीत. पानाचं चित्र संगणकाने तयार करून कंपनीच्या खाजगी भाषेत पाठवावं लागतं. लिनक्ससाठी ड्रायव्हर असला तरी तो जुना, 32 बिटचा, आणि एखादं पान छापून गप्प बसणारा. काहींना तर दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअरही पाठवावं लागतं. याउलट खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेला प्रिंटर असेल तर ड्रायव्हर शोधायलाच नको, मिंट त्याला आपणहून ओळखतं. ऑल-इन-वन असेल तर बहुतेक वेळा स्कॅनरही त्याच दमात चालतो. पुढचा प्रिंटर घेताना तेवढा एक शब्द बघा. डॉट मॅट्रिक्स मात्र एप्सनच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर निमूट छापतो, म्हातारा पण गुणी.

दोन सिस्टीम एकाच मशीनवर ठेवल्या तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं. मिंट बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आदेशाला सेट-लोकल-आरटीसी 1 दिलं की मिटतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि पार्टिशनला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का ते बघून रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. हे टाळू नका.

आता ज्याच्यासाठी मिंटवर राहिलो ते. दुपारी फाइलिंगच्या घाईत मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. अपडेट आहे असं कोपऱ्यात दिसतं, करायचं तेव्हा करा. टाइमशिफ्ट (सिस्टीमची प्रत काढून ठेवणारं मिंटमधलं साधन) चालू ठेवलं तर अपडेटने बिघडलेली सिस्टीम आदल्या दिवसावर नेता येते. फक्त ते सिस्टीमच्या फायली सांभाळतं, तुमचे मसुदे नाही. त्यांची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर लागतेच. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेटं आहेत. 8 जीबीत ब्राउझर, रायटर आणि स्कॅनर एकत्र चालवताना मशीन धापा टाकत नाही, नाद खुळा वेग म्हणणार नाही, पण याच मशीनवरच्या विंडोजपेक्षा उजवा.

कोरेलड्रॉवर पत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. टॅलीवाल्यांनीही. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर ओळखलं गेलं तरी सहीचं प्रत्येक पोर्टल त्याला साथ देईल असं नाही, म्हणून ते काम विंडोजवर ठेवलंय.

तर निर्णय असा: या मशीनवर मिंट राहतंय, आयबससकट. ताईंची सहा बटणं परत मिळाली, तेव्हा टेबल बदलायचं कारण उरलं नाही. बटणांबद्दलची त्यांची तक्रार बरोबर होती, मिंट काढायचा आग्रह मात्र मान्य केला नाही. विंडोज 10 चं पार्टिशन टोकनपुरतं 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, नंतर ते नेटवर जाणार नाही.

कुणाला करून बघायचं असेल तर आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, डिस्कला हात न लावता. त्यातच तुमचा प्रिंटर जोडून एक पान छापा, एक स्कॅन करा, वकिलांची एक खरी फाइल उघडा. वायफायचं स्वस्त डोंगल ओळखलं नाही तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. त्याला ड्रायव्हर लागत नाही, आणि नेट आलं की ड्रायव्हर मॅनेजर बाकीचं शोधतो.