बंदुकांचा १:६ मॉडेल सेट: जो ड्रम एकेचा म्हणून दिलाय तो एकेचा नाहीच

दिवाळीत नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डी बाजार) घेतलेला हा खऱ्या बंदुकांच्या एक षष्ठांश मापाचा प्लास्टिकचा सेट, तोच ज्यात एके, अमेरिकन थॉम्पसन, रशियन पीपीएसएच-४१, जर्मन मशीनगन एमजी-३४ वगैरे तळहाताएवढ्या येतात. पार्ट किती, जोडायचे कसे हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून ते सोडतो. मला बोलायचंय त्या ड्रमवर, म्हणजे गोळ्या भरायच्या गोल डब्यावर (गोळ्यांच्या डब्याला मॅगझिन म्हणतात, राउंड म्हणजे गोळी), कारण बॉक्सवर "एके-४७, १०० राउंड ड्रम" असं मोठ्या अक्षरात छापलं होतं आणि साध्या सेटपेक्षा जास्तीचे पैसे मी तेवढ्यासाठीच मोजले होते.

मे महिन्यात, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, शोकेसमध्ये उभ्या असलेल्या एकेचा ड्रम गळून खाली पडला. उचलून पाहतो तर ड्रमला मानच नाही! वर नुसती चौकोनी खुंटी गोंदाने चिकटवलेली, ती उन्हाने सुटली. भाऊ, एकेला जो नेहमीचा ड्रम लागतो तो आरपीकेचा (एकेच्याच घराण्यातली रशियन हलकी मशीनगन) ७५ राउंडचा, आणि त्याला वर उंच मान असते, नेहमीच्या वाकड्या मॅगझिनचा वरचा भाग असतो ना डिट्टो तशीच, कारण एकेत मॅगझिन आधी पुढून अडकवतात मग मागे फिरवून लॅचमध्ये बसवतात, मान नसेल तर हे होणारच नाही. फोटोवरून ड्रम ओळखायचा असला तर गोल डबा नंतर पाहा, आधी मान पाहा. आणि १०० चा आकडा कुठून आणला? १०० वाली म्हटलं की मला बीटा सी-मॅग नावाची मॅगझिन आठवते, तिला दोन्ही बाजूंना एकेक असे दोन ड्रम असतात, ५०-५० चे. इथे तर एकच डबा आहे.

दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटो टाकले तर म्हणे, "भाऊ, शोपीस आहे ते, एवढं कोण पाहते? फेविक्विक लावून टाका." मी पाहतो ना, म्हणून तर पैसे दिले! बदलून द्यायला तयार नाही, वर गरमीत ठेवल्याने वॉरंटी जाते म्हणे. नागपुरात विकता आणि गरमी चालत नाही, मग काय फ्रीजमध्ये ठेवायचं का? तेव्हा मी एक स्टार देणार होतो.

पण मग हा ड्रम आहे कोणाचा हे डोक्यातून जाईना. थॉम्पसनचा नक्कीच नाही, त्या ५० वाल्या ड्रमला पुढे चावी असते, तो बाजूने खाचेत सरकवतात (म्हणूनच थॉम्पसनच्या एम१ या नंतरच्या सोप्या मॉडेलला ड्रम लागत नाही, तिच्यातून त्या खाचाच काढून टाकल्या). एमजी-३४ चा तर मॅगझिन म्हणता येत नाही, सेटमधला तो छोटा डबा म्हणजे ५० राउंडचा पट्टा गुंडाळून ठेवायची जागा, आत स्प्रिंग नाही काही नाही. मग नखाने झाकण उचकटलं आणि खरं सांगतो, खूष झालो. आत शंखासारखी फिरत गेलेली नाली, बाहेरची एक आणि आतली एक, उभ्या राहतील अशा इवल्याशा गोळ्या, मधे स्प्रिंगचा गोल भाग. हा पीपीएसएचचा ७१ राउंडचा ड्रम! फिनलंडच्या सुओमी बंदुकीवरून रशियनांनी जो उचलला तोच. मधली स्प्रिंग घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि ती गोळ्यांना नालीतून वर ढकलत नेते, हे एवढ्याशा प्लास्टिकमध्ये कळतं.

खुंटीचा उरलेला गोंद पॉलिश पेपरने घासून काढला, सेटमधल्या पीपीएसएचची वाकडी मॅगझिन काढली आणि ड्रम सरकवला, टक् करून बसला, अजिबात हलत नाही. ती वाकडी ३५ वाली पण चूक नव्हती हां, १९४२ पासून ती आली कारण ड्रम बनवायला वेळखाऊ, भरायला किचकट आणि उचलायला जड. शिवाय युद्धातले खरे ड्रम बऱ्याचदा त्या-त्या बंदुकीलाच घासून बसवलेले असत, एकाचा दुसरीला नीट लागेलच असं नाही. इथे मात्र विनातक्रार बसला. म्हणजे साचा बनवणाऱ्या माणसाला सगळं माहीत होतं, घोळ पॅकिंग करणाऱ्याने आणि बॉक्स छापणाऱ्याने केलाय, आणि त्या साचेवाल्याच्या मेहनतीवर खुंटी चिकटवून पाणी फिरवलं याचा मला दुकानदारापेक्षा जास्त राग आला.

आता साडेतीन स्टार. पीपीएसएचला पूर्ण पाच, एकेला दोन, कारण तिच्याकडे आता मॅगझिनच नाही आणि सुटी ३० वाली कोणी विकत नाही. बाकी पेंट टिकला, थॉम्पसनची चावी फिरते, एमजीचा बायपॉड (पुढचे दोन पाय) थोडा ढिला आहे. घ्यायचाच असेल तर "१०० राउंड ड्रम" वाला बॉक्स घेऊ नका, साधा घ्या, आणि घ्यायच्या आधी ड्रमचा वरून काढलेला फोटो मागा.