गिट एलएस-फाइल्स : आठ महिने रोज वापरल्यावर

टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी लिहिलेलं ऑर्डर आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर, ही त्यामागची रेपो, म्हणजे फाइल्सच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या प्रोग्रामच्या ताब्यातलं फोल्डर. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला असं काम करणाऱ्यांना त्यातला माल लगेच ओळखू येईल : कोड, जॅकार्डच्या डिझाइनच्या बीएमपी फाइल्स, आणि प्रोग्रामच जिथे-तिथे टाकत सुटतो त्या बिलांच्या पीडीएफ, लॉग, बॅकअप. पहिले दोन गिटमध्ये हवेत, तिसरा अजिबात नको. नेमकं काय आत आहे आणि काय बाहेर, हे विचारायला आठ महिने ‘गिट एलएस-फाइल्स’ वापरली. तिचा हा हिशोब. कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

‘गिट स्टेटस’ असताना ही कशाला? स्टेटस फक्त काय बदललं ते सांगतं. जी फाइल ट्रॅक होते (म्हणजे गिटच्या नोंदीत आहे) पण बदललेली नाही, तिच्याबद्दल ते गप्प. एलएस-फाइल्स म्हणजे कारखान्याचं मस्टर : आज कोण आलं ते नव्हे, पटावर कोणकोण आहे ते. आणि हा पट म्हणजे इंडेक्स (पुढच्या नोंदीसाठी तयार ठेवलेली यादी), शेवटचा कमिट (पक्की झालेली नोंद) नव्हे. आत्ताच ‘गिट अ‍ॅड’ केलेली, कमिट न झालेली फाइलही यादीत येते. कमिटमधलीच यादी हवी असेल तर ‘गिट एलएस-ट्री -आर --नेम-ओन्ली हेड’. रिलीजची झिप तयार करताना या दोघींची गल्लत झाली की झिपमध्ये भलतीच फाइल जाते.

रोजच्या वापरात चार रूपं पुरतात.

गिट एलएस-फाइल्स
गिट एलएस-फाइल्स -ओ --एक्सक्लूड-स्टँडर्ड
गिट एलएस-फाइल्स -ओ -आय --एक्सक्लूड-स्टँडर्ड
गिट एलएस-फाइल्स -सी -आय --एक्सक्लूड-स्टँडर्ड

पहिली ट्रॅक होणाऱ्या फाइल्स दाखवते. दुसरी ट्रॅक न होणाऱ्या, पण इग्नोरही नसलेल्या : म्हणजे कुणीतरी पेनड्राइव्हवरून आणून टाकलेल्या आणि अ‍ॅड करायच्या विसरलेल्या. तिसरी इग्नोर झालेल्या. --एक्सक्लूड-स्टँडर्ड गाळलं तर दुसरी कमांड .गिटइग्नोरकडे (गिटने कोणत्या फाइल्स सोडून द्यायच्या त्या यादीकडे) बघतही नाही आणि सगळा कचरा ओतते. आठ महिन्यांत सर्वांत जास्त वेळा झालेली चूक हीच. हा ऑप्शन तीन ठिकाणचे नियम वाचतो : प्रत्येक फोल्डरमधल्या .गिटइग्नोर फाइल्स, .गिट/इन्फो/एक्सक्लूड, आणि त्या संगणकावरची वैयक्तिक यादी. त्यामुळे दोन मशीनवर तिसऱ्या कमांडचं उत्तर वेगळं आलं तर आधी ही शेवटची दोन ठिकाणं बघायची.

तिसऱ्या कमांडला --डिरेक्टरी जोडाच. नाहीतर नोड-मॉड्यूल्स या तयार लायब्रऱ्यांच्या फोल्डरमधली एकेक फाइल छापत बसते आणि कामाच्या चार ओळी त्यात बुडतात. जोडल्यावर अख्खं फोल्डर एका ओळीत येतं.

पण खरी कामाची चौथी. ‘ट्रॅक होतात, तरीही इग्नोरच्या नियमात बसतात’ अशा फाइल्स ती काढून दाखवते. अशा फाइल्स असतात कशा? कारण .गिटइग्नोर फक्त ट्रॅक न होणाऱ्या फाइल्सना लागू होतं. आधी कमिट झालेली पासवर्डची .एन्व्ह फाइल नंतर यादीत घातली, तर गिट ती यादी मान्य करतं आणि फाइलही ट्रॅक करत राहतं. एका शब्दाने बोलत नाही. ‘इग्नोरमध्ये टाकलंय ना, मग परत का येतंय बे?’ या प्रश्नाचं उत्तर दहापैकी नऊ वेळा या चौथ्या ओळीत सापडतं.

सापडल्यावर ‘गिट आरएम --कॅश्ड’ आणि फाइलचं नाव, मग कमिट. तुमच्या डिस्कवरची फाइल शाबूत राहते. पण दुसऱ्याने हा कमिट पुल केला (आपल्या मशीनवर ओढून घेतला) की त्याच्या डिस्कवरची ती फाइल उडते, कारण त्याच्या दृष्टीने फाइल रेपोतून काढली गेली. त्याने त्यात स्थानिक बदल केलेले असतील तर पुल अडतं, आणि ते बरंच म्हणायचं. म्हणून पुश करण्याआधी (कमिट सगळ्यांच्या रेपोत पाठवण्याआधी) सगळ्यांना त्या फाइलची प्रत बाजूला ठेवायला सांगा. पासवर्ड असेल तर तो बदलाच, इतिहासात तो तसाच पडून असतो. आणि चौथ्या कमांडची यादी न वाचता सरळ आरएमला जोडू नका. ‘अ‍ॅड -एफ’ करून मुद्दाम आत घेतलेल्या फाइल्सही तिच्यात असतात, रिकामं फोल्डर टिकवायला ठेवलेली .गिटकीप हे नेहमीचं उदाहरण.

आता मराठी नावांचं. हे जवळून सांगायला हवं, कारण सोलापूरच्या पूर्व भागातल्या डिझाइनवाल्यांकडून येणाऱ्या फाइल्सची नावं बऱ्याचदा मराठीत असतात. ‘चादर.बीएमपी’ अ‍ॅड करून एलएस-फाइल्स चालवा. नाव दिसत नाही, अवतरणचिन्हांत हे दिसतं :

\३४०\२४४\२३२\३४०\२४४\२७६\३४०\२४४\२४६\३४०\२४४\२६०

हीच चादर. च, काना, द, र या चारांपैकी प्रत्येकाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, आणि प्रत्येक बाइट अष्टमान आकड्यात लिहिलेला. चार अक्षरचिन्हांची झाली ४८ चिन्हं. फाइल बिघडलेली नसते, फक्त छपाई अशी असते. दिसायला वाईट एवढंच असतं तर चाललं असतं, पण ही यादी ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) जोडून ‘चादर’ शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि फाइल आतच नाही असा समज होतो. उपाय एका ओळीचा :

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

प्रत्येक मशीनवर एकदा चालवायचा. स्क्रिप्टमध्ये मात्र या सेटिंगवर विसंबू नका, -झेड ऑप्शन द्या. त्यात नावं जशीच्या तशी येतात आणि दोन नावांमध्ये नवी ओळ नसून शून्य बाइट असतो. पुढे ‘एक्सआर्ग्ज -०’ (यादीतली नावं दुसऱ्या कमांडला देणारी कमांड) जोडलं की ‘मोर डिझाइन नवीन.बीएमपी’ असलं मोकळ्या जागांचं नावही फुटत नाही.

एलएस-फाइल्सला जे अजिबात येत नाही ते म्हणजे कारण सांगणं. फाइल इग्नोर आहे हे ती सांगेल, कोणत्या नियमाने ते नाही. त्यासाठी जोडीला ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ हवी. ती १.८.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून गिटमध्ये आहे. उत्तर असं येतं :

.गिटइग्नोर:१४:डिझाइन्स/ डिझाइन्स/मोर.बीएमपी

कोणती फाइल, कितवी ओळ, कोणता नियम. यात दोन खाचखळगे. फाइल ट्रॅक होत असेल तर चेक-इग्नोर काहीच छापत नाही, तेव्हा --नो-इंडेक्स जोडावं लागतं. आणि -व्हीबरोबर उद्गारचिन्हाने सुरू होणारा, म्हणजे सूट देणारा नियमही छापला जातो. ओळ आली म्हणजे फाइल इग्नोर झाली असं नाही, नियमाच्या सुरुवातीला काय आहे ते बघा.

सुटीच्या नियमावरून : वरच्या ‘डिझाइन्स/’ या ओळीखाली ‘!डिझाइन्स/मोर.बीएमपी’ लिहून काही उपयोग नाही. फोल्डरच बाहेर असेल तर गिट त्याच्या आत डोकावतच नाही. फोल्डरऐवजी ‘डिझाइन्स/*’ लिहा, मग खालची सूट चालते. ओळीच्या शेवटी # लावून टीप लिहिली तर तीही नियमाचाच भाग धरली जाते, टीप स्वतंत्र ओळीतच हवी. आणि विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये (५.१) एको आणि > वापरून .गिटइग्नोर तयार केली तर ती यूटीएफ-१६ मध्ये बनते. नोटपॅडमध्ये अगदी बरोबर दिसते, पण गिटला त्यातला एकही नियम कळत नाही.

एलएस-फाइल्सबद्दलच्या तक्रारी. एक, ती ज्या फोल्डरात उभी असते तिथून खालचंच दाखवते. सब-फोल्डरात चालवून ‘अर्ध्या फाइल्स गेल्या’ म्हणून घाबरणारे भेटतात. नेहमी रेपोच्या मुळातून चालवा. दोन, नसलेल्या फाइलचं नाव दिलं तरी ती गप्प बसते आणि यशाचाच कोड परत करते. स्क्रिप्टमध्ये --एरर-अनमॅच द्या, मग फाइल ट्रॅकमध्ये नसेल तर १ मिळतो. तीन, ‘*.बीएमपी’ अवतरणात दिलं नाही तर शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) आधीच त्याचा विस्तार करतं आणि फक्त त्याच फोल्डरातल्या फाइल्स येतात. अवतरणात दिलं की गिट स्वतः सगळ्या थरांत शोधतं.

जुन्या लेखांत नुसतं ‘-आय --एक्सक्लूड-स्टँडर्ड’ सापडेल. २.३२ पासून (जून २०२१) ते चालत नाही, बरोबर -ओ किंवा -सी द्यावंच लागतं. हा बदल चांगलाच झाला. आधी काही न दिल्यास ती मुकाट्याने -सी धरायची, आणि इग्नोर फाइल्सची यादी मागणाऱ्याच्या हातात रिकामं उत्तर यायचं.

डिस्क साफ करताना ‘गिट क्लीन -एनडी’ला कॅपिटल एक्स जोडला तर फक्त इग्नोर झालेल्या फाइल्स, छोटा एक्स जोडला तर ट्रॅक न होणारं सगळंच, म्हणजे अजून अ‍ॅड न केलेली डिझाइनसुद्धा. एन आहे तोवर फक्त यादी येते, एनच्या जागी एफ आला की पुसलं जातं आणि रिसायकल बिनमध्येही जात नाही. कॅपिटल एक्सही निर्धोक नाही, .एन्व्ह इग्नोरमध्येच असते. तिला वाचवायला -ई '!.एन्व्ह' जोडा.

सध्या प्री-कमिट हुकमध्ये (प्रत्येक कमिटआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) चौथी कमांड बसवलेली आहे : उत्तर रिकामं नसेल तर कमिट थांबतो. दोन .गिटकीप फाइल्स त्यात कायम अडकत होत्या. त्यांच्यासाठी .गिटइग्नोरच्या तळाशी ‘!.गिटकीप’ घातलं आणि बाहेर ठेवलेल्या फोल्डरांच्या ओळींच्या शेवटी ‘/’ऐवजी ‘/*’ करून घेतलं, तेव्हा यादी रिकामी झाली.