१८,००० किलोमीटरनंतर बाइकचे बूट: घोटा वाचला, चेन गेली

जुलैत भर पावसात पाटणहून कराडला परतत होतो. चहाला थांबलो, बूट जरा सैल केला आणि पुन्हा चेन ओढायला गेलो, तर रनर वर सरकतोय आणि त्याच्या मागे दाते तसेच सुटे. चार वेळा खाली-वर केलं, काही उपयोग नाही. शेवटी टपरीवाल्याकडून सुतळी घेतली, नडगीभोवती तीन वेढे मारले आणि तसाच घरी आलो. १२,५०० रुपयांचा बूट, अकराव्या महिन्यात सुतळीने बांधलेला. त्या दिवसाचा संताप अजून उतरलेला नाही.

मी बियाण्यांच्या कामासाठी फिरतीवर असतो. कराड, पाटण, ढेबेवाडी, कधी कोयनानगर. गाडी हिमालयन ४११. बूट गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये घेतले, म्हणजे एक पूर्ण पावसाळा आणि एक अर्धा असे दोन्ही बघून झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चामड्याचा वरचा भाग, घोट्याला दोन्ही बाजूंनी कडक वाट्या, नडगीवर पट्टी, आत पाणी अडवणारं अस्तर, आतल्या अंगाला चेन आणि तिच्यावर वेलक्रो, अशी या किमतीतल्या बऱ्याच बुटांची ठेवण असते. त्यामुळे अनुभव उपयोगी पडावा.

पहिला महिना मी पैसे वाया गेले असंच समजत होतो. आमचे पाय लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेले, चवडा पसरलेला. हे बूट पुढून निमुळते. ४२ नंबर लांबीला बरोबर होता, पण करंगळीला फोड आला. दुकानात जाऊन ४३ घेतला आणि आत जाड सुकतळा टाकला, तेव्हा कुठे जमलं. बूट संध्याकाळीच घालून बघा. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारनंतर चावतो. आणि नुसतं दुकानात चालून बघू नका, गाडीवर बसून बघा. माझ्या बुटाचा पुढचा भाग इतका जाड की तो गिअरच्या लिव्हरखाली शिरेना, दुसरा गिअर टाकताना अख्खा पाय उचलावा लागायचा. मेकॅनिकने लिव्हर थोडी वर बसवून दिली, दहा मिनिटांचं काम. पण हे मला कळेपर्यंत तीन आठवडे डावा गुडघा दुखत होता.

डिसेंबरात मत बदललं. ढेबेवाडीच्या रस्त्याला कडेला गाडी लावत होतो, आदल्या दिवशी शेताचं पाणी सुटून कडेची माती भिजली होती. साइड स्टँड खचला आणि गाडी डाव्या बाजूला कलली. वेग शून्य, पण गाडी जवळपास दोनशे किलोची, वर सामानाच्या दोन पिशव्या. पाय निघायच्या आत घोटा खाली सापडला. दोन शेतकऱ्यांनी धावत येऊन गाडी उचलली. बूट काढून बघितलं तर घोट्याच्या हाडावर रुपयाएवढा जांभळा डाग, बाकी काही नाही. बाहेरच्या वाटीवर मात्र फूटपेगची, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीची, अर्धा सेंटिमीटर खोल खाच पडली आहे. आमच्या धाकट्या चुलत्यांचा घोटा असाच थांबलेल्या गाडीखाली मोडला होता, पायात चप्पल होती. दीड महिना प्लास्टर आणि नंतर जिना उतरताना लंगडणं. त्या रात्री मी १२,५०० रुपयांचा हिशोब पुन्हा मांडला आणि तक्रार मागे घेतली.

त्यानंतरच मी बुटाच्या आतलं लेबल नीट वाचलं. मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं, त्याच्याजवळ ईएन १३६३४, म्हणजे बाइकच्या बुटांच्या युरोपीय मानकाचा क्रमांक, लिहिलेला असतो आणि खाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २; २ म्हणजे वरचा दर्जा. पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासलं जाण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा आणि चौथा आडव्या दाबाचा, म्हणजे बाजूंनी दाबल्यावर तळ किती तग धरतो त्याचा. पाय गाडीखाली सापडतो तेव्हा हा चौथा आकडा कामाला येतो. घोट्याच्या वाट्यांची वेगळी चाचणी झाली असेल तर आयपीए अशी अक्षरं असतात. दुकानदार चामड्याची जाडी आणि रंग दाखवत राहतो, हे आकडे दाखवत नाही. तुम्ही विचारा. लेबलच नसेल तर तो दिसायला बाइकचा बूट आहे, एवढंच समजा.

पाणी अडवणाऱ्या अस्तराबद्दल मात्र माझं मत उलट्या दिशेने गेलं. पहिल्या पावसात पाय कोरडे राहिले, मी घरी येऊन बायकोला मोजे दाखवले. यंदा जूनमध्ये कोयनेकडे सलग तीन तास पाऊस लागला आणि पाणी वरून आलं. माझ्या रेनपँटच्या खालच्या टोकाला इलॅस्टिक आहे, ती बुटावरून जात नाही, म्हणून मी ती बुटात खोचत होतो. पँटवरून ओघळलेलं पाणी सरळ आत. आणि जे अस्तर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ते आतलं पाणी बाहेरही सोडत नाही. घरी बूट उलटा केला तर पेलाभर पाणी निघालं. वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दर दोन तासांनी बदलायचे, पंख्याखाली ठेवायचे. तरी दोन दिवस लागले. शेगडीजवळ ठेवू नका, चामडं कडक होतं आणि तळाचा डिंक सुटतो. आता खालून रुंद, चेनवाली रेनपँट घेतली आहे, ती बुटाच्या बाहेरून येते. ६५० रुपयांच्या पँटने जे केलं, ते एवढ्या महागाच्या अस्तराला एकट्याने जमत नव्हतं.

आता चेन. वॉरंटी एक वर्षाची, बूट अकरा महिन्यांचा. कंपनीला फोटो पाठवले, बिल पाठवलं. पाच दिवसांनी उत्तर आलं की वॉरंटी शिवणीला आणि तळाला आहे, चेन हा झिजणारा भाग आहे. ठीक, पैसे घ्या पण बदलून द्या, असं लिहिलं. तर दुरुस्तीची सोय नाही, जुन्या गिऱ्हाइकाला नव्या जोडीवर सवलत मिळेल. म्हणजे तळ शाबूत, वाट्या शाबूत, शिवण शाबूत, आणि सगळी जोडी टाकून द्यायची. हे मला पटत नाही, पटणार नाही. झिजणारा भाग आहे हे तुम्हालाच माहीत असेल, तर तो सुटा विकायला ठेवा.

शेवटी कराडच्या मंडईजवळ चप्पल-बूट दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बूट हातात घेतला, चेन दोनदा चालवली आणि म्हणाले, "चेनीला काय झालं नाही साहेब, दातं चांगलं हायती. रनर फाकलाय." चिखलातली बारीक रेती रनरमध्ये अडकते, तो घासून आतून रुंद होतो आणि मग दात्यांना एकमेकांत दाबू शकत नाही. त्यांनी रनर उलटा करून त्यावर छापलेला आकडा दाखवला, ८. डब्यातून त्याच नंबरचा धातूचा रनर शोधला, चेनच्या खालच्या टोकाची चार टाके शिवण उसवली, जुना काढला, नवा ओवला, दोन्ही बाजूंचे दाते समान आहेत का ते नखाने मोजून बघितलं आणि पुन्हा दोरा मारला. ८० रुपये. जाताना मेणबत्तीचा तुकडा दिला आणि सांगितलं, रोज घरी आल्यावर चेनीवर पाणी मारायचं, वाळल्यावर हे घासायचं.

तेव्हापासून चार महिने तेच करतोय, डावी चेन मऊ चालते. बूट घेताना आता मी सगळ्यांना सांगतो, लेबलवरचा चौथा आकडा बघा आणि रनरच्या मागचा नंबर बघून ठेवा. उजव्या बुटाचा रनर गेल्या आठवड्यापासून अडकायला लागलाय. काकांना सांगून ठेवलंय, रविवारी नेतो.