बर्फाळ हिवाळ्यात हरणांसाठी काय करावं: खुराक टाकावा की रानात तोड करावी?

हा प्रश्न बहुतेकदा शिंगांवरून निघतो. लांबलेला हिवाळा एकदाचा संपतो, शरदात रानातल्या वाटांवर लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्यात नर दिसायला लागतात आणि लक्षात येतं की गेल्या वर्षी दहा टोकांचा होता तो यंदा आठवर आलाय, दीड वर्षाच्या पोरांना तर फाटेच नाहीत, नुसते सुळके, मग ज्याची जमीन आहे तो विचारायला लागतो की पुढच्या हिवाळ्यात मका-पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) टाकू की चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, घेऊन झाडं आडवी करू, म्हणजे शेंडे हरणांच्या तोंडाशी येतील. मी दोन्ही केलंय. आधी चार हिवाळे खुराक, नंतर आत्तापर्यंत सहा हिवाळे तोड. खाली लिहितोय ते अमेरिकेतल्या व्हाईटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांबद्दल आणि तिथल्या उत्तरेकडच्या, जिथे बर्फ महिनोन्महिने साचून राहतो त्या पट्ट्याबद्दल आहे, म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनची अप्पर पेनिन्सुला, मेन वगैरे. टेक्सासमधल्या लोकांचं खुराकाचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका.

आधी एक गोष्ट, कारण माझा सगळा कौल त्यावर उभा आहे. थंडी शिंगांना थेट काही करत नाही. शिंगं वाढतात साधारण एप्रिल ते ऑगस्ट, भर हिवाळ्यात तर ती गळून पडत असतात. हिवाळा मारतो शरीराला. नर माजाच्या दिवसांत खाणं जवळजवळ सोडतो, वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त घालवतो आणि त्याच अवस्थेत बर्फात शिरतो. वसंतात पहिली हिरवळ आली की ती आधी हाडामांसाला लागते आणि उरेल ते शिंगांना, वर शिंगात भरायचं खनिज तो काही प्रमाणात स्वतःच्या बरगड्यांतून काढून वापरतो आणि नंतर हळूहळू भरून घेतो. म्हणून मला जानेवारीतल्या कडाक्यापेक्षा एप्रिलमधल्या बर्फाची जास्त भीती वाटते. मिनेसोटात हिवाळ्याचा कडकपणा गुण देऊन मोजतात, १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात उणे १८ सेल्सिअस किंवा त्याखाली गेलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण आणि १५ इंच किंवा जास्त बर्फ असलेल्या प्रत्येक दिवसाला एक, १०० च्या आत राहिलं तर सौम्य, १८० च्या वर गेलं तर कडक. दोन्ही गुण सारखेच धरतात खरं, पण माझ्या अनुभवात बर्फाचे गुण जास्त बोलतात. हरणाच्या अंगावर पोकळ केसांचा चांगला जाड कोट असतो, थंडी ते काढतं. पोटाला लागणाऱ्या बर्फातून रोज चालणं मात्र चरबी खाऊन टाकतं.

दुसरं म्हणजे मादी. मिशिगनच्या कुसिनो संशोधन केंद्रात लुई व्हर्मी यांनी फार पूर्वी दाखवलं होतं की गाभण मादीची हिवाळ्यात उपासमार झाली की पाडसं कमी वजनाची जन्मतात आणि त्यातली बरीच पहिल्या काही दिवसांत मरतात. साउथ डकोटातलं काम तर मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. तिथे ब्लॅक हिल्सच्या डोंगराळ, निकस चाऱ्याच्या भागात जन्मलेली पाडसं अगदी लहानपणापासून उत्तम खुराकावर वाढवली, तरी त्यातले नर राज्याच्या पूर्व भागातल्या नरांपेक्षा अंगानं आणि शिंगांनी लहानच राहिले, फरक भरून निघाला तो त्यांच्या पुढच्या पिढीत. म्हणजे आज तुम्हाला दिसणारं शिंग आईनं, कदाचित आजीनंही, कसे दिवस काढले त्याचा हिशोब असतं. हे वाचल्यावर मी नरांकडे बघणं कमी केलं आणि माद्या आणि पाडसांकडे बघायला लागलो.

आता खुराक. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते मी नाकारणार नाही. कुसिनोतच व्हर्मी आणि जॉन ओझोगा यांनी एक चौरस मैलाच्या कुंपणातल्या कळपाला पोषक पेलेट दिले होते आणि तो कळप चांगला धष्टपुष्ट झाला होता. खुराकाला लगेच प्रतिसाद मिळतो, आठवड्याभरात जनावरं यायला लागतात, कोण खंगलंय कोण बरं आहे ते डोळ्यांनी दिसतं. शरीर दुखत असलेल्या, वय झालेल्या माणसालाही ते जमतं. आणि खोटं कशाला बोलू, बर्फ पडत असताना खिडकीतून पंधरा-वीस हरणं खाताना बघणं हे सुख आहे, मला अजूनही त्याची आठवण येते.

पण माझा निर्णय ज्या गोष्टीनं झाला ती म्हणजे गव्हाणीवरची दादागिरी. एक मोठी मादी होती, कानाला चीर पडलेली, त्यामुळे ती मला लांबूनही ओळखता यायची. ती आली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, कान मागे आणि मान ताठ एवढं पुरायचं, तरी कोणी हललं नाही तर पुढचे पाय उचलून मारायची. नरांची शिंगं तोवर गळलेली असायची त्यामुळे तेही पायांनीच भांडायचे. पाडसांचा नंबर सगळ्यांत शेवटी, आणि शेवटी म्हणजे पेटी रिकामी झाल्यावर. मी उपाय केले नाहीत असं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एका गव्हाणीच्या तीन केल्या, तिसऱ्यात पेटीच काढून मका लांब ओळीत पसरला, तर ती मादी ओळीच्या एका टोकापासून खात खात दुसऱ्या टोकाला जायची आणि पाडसं तिच्या पुढे सरकत सरकत मऊ बर्फात जाऊन उभी राहायची, पोटापर्यंत रुतलेली, आणि तिथून मक्याकडे बघत बसायची. चौथ्या हिवाळ्यात मार्चमध्ये गव्हाणीपासून साधारण साठ पावलांवर सीडरच्या झाडाखाली एक पाडस मेलेलं मिळालं. हातमोजे घालून मांडीचं हाड फोडून बघितलं तर आतली मज्जा लाल आणि जेलीसारखी पातळ, धडधाकट जनावराची ती पांढरी आणि घट्ट असते. म्हणजे ते भुकेनं मेलं होतं, माझ्या मक्यापासून साठ पावलांवर, आणि शेडमध्ये पोती भरलेली होती. पाडसांकडे मुळात चरबी कमी, उन्हाळाभर खाल्लेलं सगळं वाढीला गेलेलं, त्यामुळे कडक हिवाळ्यात आधी तीच जातात आणि त्यांच्यामागून माजानं थकलेले नर. ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांनाच गव्हाण पोसत नाही, उलट घनदाट आडोसा सोडून उघड्यावर उभं राहायला लावते. हे एकदा दिसल्यावर मला नंतर ते न दिसल्यासारखं करता आलं नाही.

बाकीच्या अडचणी तुम्हाला माहीत असतील म्हणून थोडक्यात. हरणाच्या पोटातले जंतू हिवाळ्यात काटक्या-कोंब पचवायला तयार झालेले असतात, नव्या खाण्याची सवय व्हायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून भर फेब्रुवारीत दया येऊन एकदम मक्याचा ढीग टाकला तर भरल्या पोटी जनावर मरू शकतं, २०१५ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या साउथ हॅम्पटनमध्ये अशीच १२ हरणं मेली होती. शिवाय रोग. एका जागी तोंडाला तोंड लावून खाणं म्हणजे सीडब्ल्यूडीला (हरणांचा मेंदू पोखरणारा, जीवघेणा संसर्गजन्य रोग) आमंत्रण, ईशान्य मिशिगनमध्ये गाईगुरांचा टीबी हरणांत टिकून राहिला त्यातही खुराकाच्या ढिगांचा वाटा होता. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खुराकावर बंदीच आहे, मिशिगनच्या लोअर पेनिन्सुलात २०१९ पासून आहे. तुमच्या काउंटीत बंदी असेल तर पुढची तुलना करायची गरजच नाही.

आता तोड. ही कामाची बाजू आहे आणि ती सोपी आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जानेवारी ते मार्च, गुडघाभर बर्फात, चेनसॉ घेऊन रेड मेपल, ॲस्पेन, यलो बर्च अशी झाडं आडवी करायची, म्हणजे जे कोवळे शेंडे वीस-तीस फुटांवर होते ते हरणाच्या तोंडाशी येतात. मी मनगटापासून पोटरीएवढ्या जाडीची झाडं अर्ध्याहून जास्त कापून ढकलतो आणि एका बाजूची साल जोडलेली ठेवतो, तसं झाड आडवं पडूनही काही वर्षं जगतं आणि धुमारे देत राहतं. मात्र ताणातलं खोड मधूनच उभं चिरून उसळतं आणि तोंडावर येऊ शकतं, म्हणून जाड झाडांवर हे करू नका, एकट्यानं तर नकोच. आणि सीडर-हेमलॉक या सदाहरित झाडांना हात लावू नका. त्यांच्या डोक्यावर बर्फ अडतो, खाली कमी साचतो, वारा लागत नाही, कळप हिवाळा तिथेच काढतो. तोड करायची ती त्या आडोशाच्या काठाला, लहान लहान तुकड्यांत, जनावराला खोल बर्फातून लांब जावं लागणार नाही अशी. बाल्सम फर हे सदाहरित झाड पाडून उपयोग नाही, दुसरं काही नसलं की हरणं तो खातात, पोट भरल्यासारखं होतं आणि खंगणं चालूच राहतं.

माझ्या मनात पारडं झुकलं ते इथे. एका आडव्या मेपलला शेकडो शेंडे असतात आणि ते सगळीकडे पसरलेले असतात, मी अशी दहा-बारा झाडं एका तुकड्यात पाडतो, त्यामुळे राखण करायला कुठलीच एक जागा उरत नाही. ती कान चिरलेली मादी अजून दोन हिवाळे होती. ती एका झाडावर आणि पाडसं तिसऱ्या झाडावर, मध्ये फांद्यांचा पसारा, आणि ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. पोटाला नवीन काही पचवायचं नाही, ते तेच काटक्या-कोंब खाताहेत जे डिसेंबरपासून खात होते. वादळात रस्ता बंद झाला आणि मी चार दिवस जाऊ शकलो नाही तरी कोणाचं अडत नाही, खुराकाच्या दिवसांत तेच चार दिवस मला झोप लागायची नाही.

शिंगांचं काय, हे विचारणारच. प्रामाणिकपणे सांगायचं तर खुराकाच्या काळात मोठ्या नरांची शिंगं बरी होती, निदान माझ्या डोळ्याला, तोड सुरू केल्यावर पहिली दोन वर्षं काही फरक दिसला नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बदललं ते खालच्या टोकाला, दीड वर्षाच्या पोरांत नुसत्या सुळक्यांऐवजी फाटे दिसायला लागले आणि सप्टेंबरात दोन पाडसं घेऊन फिरणाऱ्या माद्या जास्त दिसल्या. मी फुटपट्टी घेऊन मोजलेलं नाही, मधले दोन हिवाळे सौम्यही गेले आणि शेजारच्या जमिनीवर त्याच सुमारास मोठी तोड झाली होती, त्यामुळे सगळं श्रेय माझ्या चेनसॉचं असेल असं म्हणणार नाही. पण उरलेली सगळी कारणं बाजूला ठेवली तरी गेल्या सहा हिवाळ्यांत, त्यातला एक चांगलाच कडक होता, मला गव्हाणीसमोर उभं राहून मेलेलं पाडस बघावं लागलेलं नाही.

कमतरता आहेत. तोडलेली जागा दोन-तीन वर्षं भयाण दिसते. कळप मोठा असेल तर बुंध्यांना फुटलेले नवे धुमारे डोकं वर काढायच्या आत फस्त होतात, मी फांद्यांचे ढीग बुंध्यांवरच टाकून थोडेफार वाचवतो. आणि हरणं खूप असतील तर माद्यांची संख्या कमी केल्याशिवाय खुराक काय आणि तोड काय, पुरणार नाही. जमीन दहा-बारा एकरांची असेल आणि त्यात सीडर-हेमलॉकचा आडोसाच नसेल तर तुमच्याकडची हरणं हिवाळ्यात बहुधा दुसरीकडेच जात असतील, मग उन्हाळ्यातल्या चाऱ्यावर मेहनत घेतलेली बरी.

जे आत्ता खुराक टाकताहेत त्यांनी हे वाचून उद्या सकाळी बंद करू नका. हरणं त्या जागेच्या भरवशावर आडोसा सोडून आलेली असतात, मध्येच हात आखडला तर ती उघड्यावर अडकतात. हा हिवाळा पार पाडा, मार्चमध्ये बर्फ असतानाच रानात फिरून पायवाटा बघून ठेवा, जिथे वाटा गर्दीनं सीडरमध्ये शिरतात त्याच्या काठाला पहिला तुकडा धरा, आणि पुढच्या वर्षी पहिला बर्फ पडायच्या आधीच गव्हाण उचलून ठेवा म्हणजे हरणं त्या जागी येऊन थांबणारच नाहीत.