फँटसी प्रीमियर लीग: फुकटातलं, पण कडक व्रत

इंग्लिश प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हा अधिकृत फँटसी खेळ: खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बांधायचा, आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. प्रवेश फी नाही, पैसे लावणं नाही. म्हणूनच 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतातल्या पैशांच्या फँटसी स्पर्धा बंद झाल्या तरी याला धक्का लागला नाही. दमडीही न लावता माणसं 38 फेऱ्या याच्यामागे का धावतात, हे नियम वाचले की कळतं. हे सरळ सरळ व्रत आहे.

मुहूर्त ठरलेला असतो: फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटं आधी संघ गोठतो. शनिवारी तिकडच्या दुपारी साडेबाराला पहिला सामना असेल, तर आपल्याकडे साडेतीन. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचार. फेरी शुक्रवारी रात्रीच सुरू होणार असली की नवखे हमखास चुकतात, कारण शनिवारच्या भरवशावर बसलेल्यांना गेल्या आठवड्याचाच संघ मिळतो.

10 कोटी पौंडांत 15 खेळाडू बसवायचे: 2 गोलरक्षक, 5 बचावपटू, 5 मधल्या फळीतले, 3 आघाडीचे. एका क्लबचे तीनच घेता येतात, आणि ज्यांचा क्लब हेच ज्यांचं कुलदैवत त्यांना या नियमाने फार वाचवलंय. दर फेरीला एक बदल फुकट. न वापरलेले 5 पर्यंत साठतात. हातातल्या फुकट बदलांपलीकडच्या प्रत्येक बदलाला 4 गुणांचं प्रायश्चित्त. आघाडीच्या खेळाडूच्या गोलाला गुण 4च, म्हणजे विकत घेतलेला नवा गडी पहिला गोल तुमचं पाप फेडायलाच करतो. तरीही रविवारी संघ आपटला की सोमवारी लोक दोन-दोन बदल करून मोकळे होतात. काहीतरी केलं की बरं वाटतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

कर्णधाराचे गुण दुप्पट होतात. त्याची निवड म्हणजे कोकणातल्या देवळात कौल लावणं; फरक इतकाच, की इथे मनासारखा कौल मिळेपर्यंत लोक दुसऱ्या संकेतस्थळावर जाऊन पुन्हा विचारतात. खरी मेख वेगळीच. उपकर्णधाराला दुप्पट गुण कर्णधार एक मिनिटही खेळला नाही तरच मिळतात. तो 85 व्या मिनिटाला मैदानात आला, तर त्याचा 1 गुण, दुप्पट करून 2, आणि उपकर्णधाराची हॅट्ट्रिक एकपटच. त्यामुळे नुकताच दुखापतीतून उठलेला कर्णधार नको. श्रद्धा कधी फळतेही: 2024-25 मध्ये लिव्हरपूलच्या मोहम्मद सालाहने विक्रमी 344 गुण दिले, आणि दर आठवड्याला डोळे मिटून त्याच्याच हाती पट्टा देणारे भलत्याच हुशारांच्या पुढे गेले.

खेळाडूंचे भाव (दशलक्ष पौंडांत) रात्रीत 0.1 ने वरखाली होतात. सूत्र जाहीर नाही, त्यामुळे त्यावर भाकितं करणारे पुरोहित भरपूर. त्यांच्या नादी लागून घाईने खरेदी करू नये. नफ्यातला निम्माच हाती येतो, तोही खाली धरून: 7.0 ला घेतलेला 7.3 झाला तर विकताना 7.1.

राखीव खेळाडूंचा क्रम मात्र मुहूर्ताआधी नीट लावा. पहिल्या अकरातला कोणी उतरला नाही तर बदली त्याच क्रमाने आत येतो, आणि गोलरक्षकाच्या जागी फक्त गोलरक्षकच.