छावणीतले खणांचे कपाट आणि त्याचे मूळ सांगणारे दुकान

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या मागच्या गल्लीत जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करणारे एक दुकान आहे. त्याला पाटी नाही, आणि तेथील वयस्कर मिस्त्रींना सगळी गल्ली नुसते ‘चाचा’ म्हणते. आजोबांचे पाच खणांचे कपाट मी तेथे दुरुस्तीसाठी नेले होते; पण ते कोठले आणि केव्हाचे याचे पुराव्यानिशी उत्तर घेऊन परतलो, आणि हा अभिप्राय मुख्यतः त्या उत्तराविषयी आहे.

घरात एवढेच सांगितले जाई की कपाट ‘लढाईच्या’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, ‘वेळचे’ आहे आणि आजोबांनी ते इंग्रजी लष्कराच्या छावणीतल्या लिलावात घेतले. गेल्या वर्षी जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने ते पाहताक्षणी विलायतेत बनलेले ‘युटिलिटी’ फर्निचर ठरवले आणि तसे लेखी हवे असल्यास वेगळे पैसे मागितले. आम्ही पैसे दिले नाहीत, पण शब्दावर विश्वास मात्र ठेवला.

चाचांनी आधी पाचही खण काढून ओळीने मांडले, कपाट पालथे घातले आणि दर्शनी भागाकडे जवळजवळ पाहिलेच नाही. आतल्या बाजूला, जेथे पॉलिश कधी पोहोचले नव्हते, तेथे त्यांनी पटाशीने नखाएवढा पापुद्रा काढून माझ्या नाकाशी धरला. जुन्या चामड्याच्या पिशवीसारखा किंचित तेलकट वास आला. “हे सागवान आहे, साहेब. विलायतेत ओक वापरतात,” एवढेच ते म्हणाले. पुढचे त्यांच्या पुतण्याने समजावले. ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई झाल्यावर १९४२ साली सरकारने ठरावीक नमुन्यांचेच फर्निचर बनवण्याची योजना आणली; तेच ‘युटिलिटी’. ती १९५२ पर्यंत चालली. ते सामान मुख्यतः ओक किंवा महोगनीचे असे, त्यावर दोन ‘सी’ आणि ४१ हा आकडा असलेला शिक्का असे, आणि सुरुवातीला ते परवान्यावर केवळ नवविवाहितांना व बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्यांना मिळे. लंडनच्या बेघर कुटुंबासाठी मोजून दिलेले कपाट त्याच काळात समुद्र ओलांडून औरंगाबादच्या छावणीत कशाला येईल, हा त्याचा प्रश्न मला बिनतोड वाटला.

आमच्या कपाटावर तो शिक्का नव्हताच. तिसऱ्या खणाखालच्या आडव्या पट्टीवर, बॅटरीचा उजेड तिरका पाडल्यावर, लाकडात ठोकलेले बाणाचे टोक दिसले आणि त्याखाली १९४३. हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. मी लगेच उत्साहाने ‘म्हणजे इंग्लंडचेच’ असे म्हणालो, तेव्हा पुतण्याने शांतपणे दुरुस्ती केली की शिक्का मालकी सांगतो, घडण कोठली ते सांगत नाही. घडण लाकडाला आणि जोडांना विचारावी लागते. या एका वाक्यासाठी मी या दुकानाची शिफारस करतो.

जोडांनी तसे सांगितलेही. खणांच्या कोपऱ्यांवरचे पंख्यासारखे दात एकसारखे नव्हते, एक रुंद तर शेजारचा अरुंद, आणि प्रत्येकाच्या मुळाशी हाताने आखलेली बारीक रेघ होती. म्हणजे यंत्राचे काम नव्हे. पाठीची फळी तर सागाचीही नव्हती. ती देवदारी खोक्याची होती आणि तिच्यावर काळ्या रंगातली अर्धी कापलेली अक्षरे उलटी दिसत होती. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेल्यावर ब्रह्मदेशचे सागवान बंद झाले, तेव्हा देशी लाकूडही जपून वापरावे लागत असणार, हे त्या फळीकडे पाहून पटते. मी चाचांना विचारले की हा साग बल्लारपूरकडचा की किनवटचा. “ते मी सांगणार नाही. रंध्याखाली दोन्ही सारखेच लागतात,” असे उत्तर मिळाले, आणि त्यामुळेच बाकीच्या उत्तरांवर माझा विश्वास बसला.

घरी येऊन मी आजोबांची वही पुन्हा काढली. कपाटाची किंमत तेथे ‘कलदार’, म्हणजे इंग्रजी, रुपयांत लिहिली आहे. आपल्याकडे तेव्हा निजामाच्या राज्याचा स्वतःचा रुपया, हाली सिक्का, चालत असे, वहीतला बाकीचा खर्चही हालीतच आहे. एवढी एकच रक्कम इंग्रजी रुपयांत दिलेली असणे लिलावाच्या आठवणीला पूर्ण दुजोरा देते. चाचांना हे सांगितल्यावर त्यांनी ती नोंद प्रत्यक्ष पाहायला मागितली.

सर्वांत खालच्या खणाला पूर्वी कोणीतरी पांढऱ्या गोंदाने जोडले होते, तर मूळ जोड सरसाचे होते आणि गरम पाण्याच्या फडक्याने मऊ पडत होते. फेविकॉल १९५९ सालापासूनचे, तेव्हा ही दुरुस्ती त्यानंतरचीच. चाचांनी तो खण उकलून पुन्हा सरसानेच बसवला.

तक्रारीही आहेत. चार आठवड्यांचे काम अकरा आठवड्यांनी झाले, आणि मधल्या काळात दूरध्वनी उचलला गेला नाही. तपासणीचे निष्कर्ष लेखी मिळण्यासाठी मला तीनदा आठवण करावी लागली, जे इतक्या काटेकोर माणसांच्या बाबतीत खरोखर खटकते. तपासणीचे पंधराशे आणि दुरुस्तीचे अकरा हजार रुपये मला वाजवी वाटले. लाखेचे पॉलिश त्यांनी केवळ दर्शनी भागाला केले; खोक्याची फळी आणि बाणाची पट्टी सांगूनही घासली नाही.

शुक्रवारी दुकान बंद असते. गल्लीत टेम्पो शिरत नाही, त्यामुळे खण घरीच काढून, मागे खडूने क्रमांक घालून, वेगळे न्यावेत.